विलायती क्लेमॅटिस आणि आपली मोरवेल

नाशिक, प्रतिनिधी

जांभळ्या, गुलाबी किंवा दुधी रंगाच्या, तळहाताएवढ्या फुलांनी लगडलेली क्लेमॅटिसची वेल इंग्लंड-अमेरिकेतील घरांच्या दारांवर आणि कुंपणांवर सर्रास दिसते. परदेशस्थ आप्तांनी पाठविलेली छायाचित्रे आणि संकेतस्थळांवरील जाहिराती यांमुळे या वेलीची हौस नाशिकच्या बंगल्यांतील बागांपर्यंत आणि सदनिकांच्या गच्च्यांपर्यंतही येऊन पोहोचली आहे. मात्र हौसेने आणलेले रोप थंडीत तग धरते, फेब्रुवारीत तरारते आणि मे महिन्याच्या अखेरीस वाळून जाते, असेच बहुधा घडते. मग दोष कधी मातीला दिला जातो, कधी पाण्याला, तर कधी स्वतःच्या हाताला.

वास्तविक दोष असतो तो निवडीचा. थंड प्रदेशासाठी तयार झालेली जात आपण चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात उभी करतो. याच वेलीच्या सख्ख्या बहिणी नाशिकपासून तासाभराच्या अंतरावरील डोंगरांत, कोणी पाणी न घालता, दरवर्षी फुलतात आणि त्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही. मोरवेल आणि रानजाई या नावांनी त्या ओळखल्या जातात. क्लेमॅटिसची हौस नाशिकमध्ये पुरवायची असेल, तर तिचा सर्वांत खात्रीचा मार्ग या रानवेलींकडूनच जातो.

पाकळ्या नसलेले फूल

क्लेमॅटिस हे एका वेलीचे नाव नसून एका मोठ्या प्रजातीचे नाव आहे. जगभरात तिच्या सुमारे ३०० जाती आढळतात. ग्रीक भाषेत ‘क्लेमा’ म्हणजे द्राक्षवेलीची फांदी. त्यावरूनच हे नाव पडले. द्राक्षांच्या नाशिकला हे नाते जवळचे वाटावे. बचनाग आणि कलौंजी यांचे जे कुळ, तेच क्लेमॅटिसचे. इंग्रजीत ते बटरकप या फुलावरून ओळखले जाते, तर मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात त्याला ‘मोरवेल कुल’ असे नाव दिले गेले आहे. संपूर्ण कुळाला ज्या वेलीचे नाव द्यावेसे अभ्यासकांना वाटले, ती वेल शहरी बागांतून मात्र जवळजवळ अनुपस्थित आहे.

या वेलीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवली, तर ती ओळखणे आणि वाढविणे दोन्ही सोपे होते. पहिले म्हणजे तिच्या फुलांना पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती संदले असतात, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून वेढणारी हिरवी दले. येथे तीच रंगीत होऊन पाकळ्यांचे काम करतात. फूल गळाल्यावर मागे लहान कोरड्या फळांचा झुबका राहतो आणि प्रत्येक फळाला पिसासारखी लांब, रेशमी शेपटी फुटते. वाऱ्यावर स्वार होऊन बी दूर जावे, यासाठी ही योजना. मोरवेल फुलांनंतरही महिनाभर शोभिवंत दिसते ती या पिसाऱ्यामुळे.

दुसरे वैशिष्ट्य तिच्या चढण्याच्या पद्धतीचे. द्राक्षाला किंवा कृष्णकमळाला असतात तसे ताणे क्लेमॅटिसला नसतात. तिच्या पानाचा देठच आधाराला स्पर्श होताच त्याभोवती विळखा घालतो. देठ आखूड असल्याने जाड खांबाला तो वेढा देऊ शकत नाही. हे न कळल्यामुळे अनेकदा वेल खांबाशी लावली जाते आणि ती चढत नाही म्हणून तक्रार होते.

हिमालयातून इंग्लंडात

विलायती समजल्या जाणाऱ्या या वेलींचा इतिहास पाहिला, तर त्यांतील अनेकींचे मूळ आशियातच सापडते. हिमालयात वाढणारी क्लेमॅटिस मोंटाना ही जात १८३१ मध्ये इंग्लंडात पोहोचली. तिचे श्रेय गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांना दिले जाते. पुढे १८५० च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून मोठ्या फुलांची क्लेमॅटिस लॅन्युजिनोसा ही जात इंग्लंडला पाठविली. इंग्लंडमधील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये या चिनी वेलीचा युरोपीय जातीशी संकर करण्यात आला. त्यातून मखमली जांभळ्या फुलांची ‘जॅकमनी’ जन्माला आली. फिकट गुलाबी दलांवर गडद पट्टा असलेली ‘नेली मोझर’ ही फ्रान्समधील व्हर्साय येथील रोपवाटिकेतून १८९७ मध्ये आली.

आज जाहिरातींत दिसणाऱ्या मोठ्या फुलांच्या बहुतेक जाती या संकरांच्या पुढच्या पिढ्या आहेत. त्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या झाली ती थंड हिवाळा आणि सौम्य उन्हाळा असलेल्या देशांत. शिमला-मसुरीच्या हवेत त्या रमतात याचे कारणही हेच.

नाशिकच्या हवेत अडते कोठे?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकची थंडी प्रसिद्ध आहे. निफाड परिसरात पारा अनेकदा पाच अंशांखाली उतरतो. त्यामुळे ‘थंड हवेची वेल येथे जगायला हवी’ असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या फुलांच्या अनेक जातींना काही रात्रींचा गारठा पुरत नाही. त्यांना काही आठवडे सलग विश्रांती मिळेल असा दीर्घ हिवाळा लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारचे ऊन उबदार असते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून तापमान वेगाने चढू लागते. वेलीला पुरती झोप मिळत नाही. अर्धवट झोपेतून उठून ती पालवते आणि कळ्या धरण्याच्या वेळी एप्रिलचा उन्हाळा तिला गाठतो.

दुसरी अडचण मुळांची. क्लेमॅटिसचे डोके उन्हात आणि पाय सावलीत असावेत, असे तिच्याविषयी सांगितले जाते. रानातही ती झुडपांच्या सावलीत उगवते आणि त्यांच्या आधाराने वर उन्हात जाऊन फुलते. शहरातील सिमेंटच्या गच्चीवर, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत नेमके उलटे घडते. मे महिन्यात अशी कुंडी हाताला चटका देते. त्या तापलेल्या मातीत मुळे आधी शिजतात, पाने नंतर वाळतात. माळी पाने वाळलेली पाहून आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळे कुजतात.

तिसरी अडचण पावसाळ्यातील. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते आणि क्लेमॅटिसला मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. ही माती काहीशी चुनखडीयुक्त असते, त्याची मात्र चिंता नको. किंचित अल्कधर्मी माती या वेलीला चालते. अडते ते निचऱ्यापाशी.

डोंगरातील मोरवेल

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातील डोंगरउतारांवर आणि गडांच्या वाटांवर पावसाळा सरू लागला की करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या फुलांची चादर पसरलेली दिसते. पांढरी, तुलनेने मोठी फुले आणि मऊ लव असलेली पाने असलेली जात म्हणजे क्लेमॅटिस हेनी. जुन्या ग्रंथांत तिचे नाव क्लेमॅटिस ट्रायलोबा असे आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात वनस्पतींचा अभ्यास करणारे बेंजामिन हेन यांच्या स्मरणार्थ तिला नवे नाव मिळाले. दुसरी जात क्लेमॅटिस गौरियाना. तिची फुले लहान, फिकट हिरवट-पांढरी असतात, पण ती मोठ्या घोसांनी येतात आणि पाऊस संपल्यावर, थंडीच्या तोंडावर वेल झाकून टाकतात.

या वेलींनी आपल्या हवामानाचा हिशेब केव्हाच मांडलेला आहे. पावसाळ्यात वाढ, पाऊस ओसरताना फुले, हिवाळ्यात बी आणि उन्हाळ्यात विश्रांती, असे त्यांचे वर्ष आहे. विलायती वेल थंडीत झोपते, आपली वेल उन्हाळ्यात. नाशिकच्या बागायतदाराच्या दृष्टीने सारा फरक या एका गोष्टीत आहे.

अर्थात मोरवेल लावताना अपेक्षाही तशीच हवी. तिची फुले तळहाताएवढी नसतात, जांभळीही नसतात. तिचे सौंदर्य एकेका फुलात नसून एकत्रित बहरात आहे. ज्यांना याच धर्तीची आणखी एक वेल हवी, त्यांनी शरद ऋतूत पांढऱ्या, सुगंधी चांदण्यांनी भरणारी क्लेमॅटिस टर्निफ्लोरा ही पूर्व आशियातील जात शोधावी. व्यापारात ती अनेकदा ‘पॅनिक्युलाटा’ या नावाने मिळते. रंगीत फुलांचाच आग्रह असेल, तर मोठ्या फुलांच्या जातींऐवजी व्हिटिसेला किंवा मूळच्या टेक्ससमधील लाल फुलांच्या टेक्सेन्सिस या गटातील जाती निवडाव्यात. उष्णता सोसण्याची त्यांची ताकद अधिक असते. तरीही नाशिकमध्ये हा प्रयोगच ठरतो, हे समजून खर्च करावा.

रोप कोठून आणावे?

खरी फसगत येथेच होते. निळ्या, केशरी, सप्तरंगी फुलांची चित्रे छापलेली ‘क्लेमॅटिसच्या बियांची’ पाकिटे विकली जातात. संकरित जाती बियांपासून जशाच्या तशा उगवत नाहीत. त्यांची अभिवृद्धी फाट्यांपासून किंवा कलमांनीच करावी लागते. म्हणजे पाकिटावर नामांकित संकरित जातीचे चित्र असेल, तर आतल्या बियांतून ते फूल मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. ‘क्लेमॅटिसचे कंद’ म्हणून काही विकले जात असेल, तर तेही घेऊ नये. या शोभिवंत वेली कंदांपासून लावल्या जात नाहीत. रोप घ्यायचेच तर ते डोळ्यांनी पाहून, शक्यतो फुलावर असताना घ्यावे.

रानजाई या नावावरही विसंबू नये. जाई-मोगऱ्याच्या कुळातील रानवेलींनाही लोक हे नाव देतात. ओळखीच्या खुणा सोप्या आहेत. पाने समोरासमोर जोडीने आलेली, देठ आधाराला विळखा घालणारे आणि फुलांनंतर पिसांसारख्या शेपट्यांची फळे. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर ती मोरवेल. जाईच्या फुलाला खाली नळी असते, मोरवेलीच्या फुलाला ती नसते.

मोह होतो तो डोंगरातून रोप उपटून आणण्याचा. तो टाळलाच पाहिजे. वनक्षेत्रातून रोपे काढणे कायद्यात बसत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. वाढलेल्या वेलीची मुळे दगडांच्या खाचांत खोल गेलेली असतात. ती तुटतात आणि वेल जगत नाही. शिवाय वेलीबरोबर उखडली जाते ती आजूबाजूची झाडोराही. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये शास्त्राला प्रथम माहीत झाली ती आपल्याच अंजनेरीच्या डोंगरावरून. जेथे इतक्या दुर्मीळ वनस्पती पायाखाली असू शकतात, तेथे कुदळ न चालविणेच शहाणपणाचे.

देशी वनस्पतींची रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिकांकडे मोरवेलीची मागणी नोंदविणे हा योग्य मार्ग. कोणाच्या शेताच्या बांधावर किंवा कुंपणावर वेल असेल, तर मालकाच्या परवानगीने हिवाळ्यात पक्व बी किंवा पावसाळ्यात फाटे घ्यावेत. बी ताजे पेरावे. ते उगवायला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागू शकतात, म्हणून कुंडी घाईने रिकामी करू नये. फाटे घेताना एक गोष्ट वेगळी करावी लागते. गुलाबाचा फाटा आपण डोळ्याच्या खाली कापतो, क्लेमॅटिसचा दोन पेरांच्या मध्ये कापतात. वरच्या पेरावरील एक पान ठेवून खालचा तुकडा वाळूमिश्रित मातीत खोचावा. सर्वांत सोपी पद्धत दाब कलमाची. जमिनीलगतची फांदी न तोडता मातीत दाबून वर दगड ठेवला, तर पावसाळ्याअखेर पेरापाशी मुळे फुटतात.

जागा, माती आणि आधार

लागवडीसाठी जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ उत्तम. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा निवडावी. पश्चिमेची भिंत संध्याकाळी उशिरापर्यंत धग सोडत राहते, ती टाळावी. भिंतीपासून किमान एक फूट अंतर ठेवून दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. काळी माती असेल, तर तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालून वर बागेची माती, चांगले कुजलेले शेणखत व जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. जागा किंचित उंचवट्याची केली, तर पावसाचे पाणी साचत नाही.

मोठ्या फुलांच्या विलायती जाती दोन-तीन इंच अधिक खोल लावण्याची पद्धत आहे. मर रोगाने वरची वेल गेली, तरी मातीखालच्या डोळ्यांतून ती पुन्हा फुटावी, हा त्यामागील हेतू. मोरवेलीला याची गरज नसते. भारी काळ्या मातीत तर ती पिशवीतील मातीच्या पातळीवरच लावावी.

बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. पायथ्याशी एखादे ठेंगणे झुडूप लावले तरी मुळांना सावली मिळते. गच्चीवर लावायची असेल, तर किमान दीड फूट व्यासाची व तितकीच खोल मातीची कुंडी घ्यावी आणि उन्हाळ्यात ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी पाचोळ्याने भरावी. कुंडीतील मोरवेल मैदानातल्या वेलीइतकी पसरत नाही, ही सदनिकाधारकांच्या सोयीची गोष्ट. जमिनीतील वेल मात्र जोमाने वाढते. तिला लहान फळझाडावर चढू देऊ नये.

आधार पेन्सिलीपेक्षा जाड नसावा. जाळी, सुतळी किंवा बारीक तारा सर्वांत बऱ्या. कमानीच्या जाड खांबावर चढवायची असेल, तर आधी खांबाभोवती जाळी गुंडाळावी. कोवळा शेंडा काचेसारखा मोडतो. त्यामुळे तो ओढून बांधण्यापेक्षा दिशा देऊन सोडून द्यावा.

छाटणी : द्राक्षबागेचा धडा

क्लेमॅटिसची छाटणी अवघड समजली जाते. नाशिककरांना ती अवघड वाटण्याचे कारण नाही. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते ती नव्या काड्या तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते ती त्याच पक्व काड्यांवरील डोळ्यांतून घड निघण्यासाठी. फळ कोणत्या काडीवर येणार, हे ज्याला कळले त्याला छाटणी कळली. क्लेमॅटिसमध्येही प्रश्न तोच. फूल जुन्या काडीवर येते की नव्या?

या आधारे वेलींचे तीन गट पडतात. पहिल्या गटातील मोंटानासारख्या जाती गतवर्षीच्या काडीवर फुलतात. त्यांची छाटणी फुले संपल्यावरच आणि हलकी करावी. दुसऱ्या गटातील नेली मोझरसारख्या जाती जुन्या काडीवरील आखूड फुटींवर फुलतात. त्यांच्या केवळ वाळक्या व दुबळ्या काड्या काढाव्यात. तिसऱ्या गटातील जॅकमनी, व्हिटिसेला, टर्निफ्लोरा या जाती त्या हंगामातील नव्या वाढीवर फुलतात. मोरवेलही याच प्रकाराने हाताळावी. बी उडून गेल्यावर, फेब्रुवारीत, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर निरोगी डोळ्यांच्या जोडीच्या वर ती कापावी. पहिल्या वर्षी मात्र हात आखडता घ्यावा आणि मुळांना बळ धरू द्यावे.

रोग, कीड आणि चीक

विलायती मोठ्या फुलांच्या जातींना बुरशीजन्य मर रोग होतो. हिरवीगार फांदी एक-दोन दिवसांत माना टाकते आणि काळी पडते. अशी फांदी निरोगी भागापर्यंत कापून नष्ट करावी. रानटी जातींना हा रोग क्वचितच जाचतो. दमट, ढगाळ हवेत भुरी येऊ शकते. द्राक्षबागायतदारांना ती नव्याने सांगायला नको. मावा आणि उन्हाळ्यातील लाल कोळी यांच्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल बहुधा पुरते. नत्रयुक्त खत अधिक झाले, तर पानेच वाढतात. वर्षातून दोनदा शेणखत किंवा गांडूळखत आणि जोडीला थोडे हाडांचे खत एवढे पुरे.

एक सावधगिरी महत्त्वाची. या वेलींच्या ताज्या रसात त्वचेला दाहक असे द्रव्य असते. युरोपात जुन्या काळी भिकारी लोकांची कणव मिळविण्यासाठी क्लेमॅटिसचा पाला अंगावर चोळून फोड आणत. फ्रेंच भाषेत त्या वेलीला ‘भिकाऱ्यांची वनस्पती’ असेच नाव आहे. छाटणी करताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि लहान मुले व पाळीव जनावरे पाला तोंडात घालणार नाहीत याची काळजी घ्यावी. पारंपरिक औषधांत मोरवेलीचा उल्लेख येतो. ‘मूर्वा’ या आयुर्वेदीय नावाखाली मात्र ठिकठिकाणी निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. त्यामुळे बागेतील वेलीचा पाला घरगुती औषध म्हणून वापरणे धोक्याचे आहे.

थोडक्यात वेळापत्रक

जून ते ऑगस्ट : लागवड, दाब कलम, फाटे लावणे आणि वाढत्या शेंड्यांना आधाराकडे वळविणे. मुळाशी पाणी साचत नाही ना, हे पाहणे.

सप्टेंबर ते डिसेंबर : फुलांचा काळ. पाऊस थांबल्यावर आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी. वरवर शिंपडलेले रोजचे पाणी उपयोगाचे नाही.

जानेवारी व फेब्रुवारी : पिसाऱ्यासह बी पक्व होते. ते गोळा करून पेरावे, मग छाटणी करून शेणखत द्यावे.

मार्च ते मे : आच्छादन जाड ठेवावे, कुंडी सावलीत हलवावी. पाणी मोजके, मातीचा वरचा दोन इंचांचा थर वाळल्यावरच. पाने गळाली तर घाबरून अधिक पाणी देऊ नये. ही वेलीची विश्रांती असते.

मोगलकाळात गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहराला बागेची हौस नवी नाही. परक्या हवेतील फूल आपल्या दारात फुलविण्याचा प्रयत्न कोणीही करावा, त्यात आनंदही आहे. परंतु दरवर्षी मे महिन्यात वाळलेली काडी कुंडीतून उपटण्याचा कंटाळा आला असेल, तर येत्या पावसाळ्यात मोरवेलीचे एक रोप लावून पाहावे. जमिनीत एकदा रुजलेली ही वेल उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसते खरी, पण मृगाच्या सरी पडल्या की जुन्या खोडातून पुन्हा पालवते.